जवसाची लाईनदोरी

नानाजी साटोणे मिस्त्री कोणाच्या घरी पाहुणा म्हणून गेला तरी आधी पाणी घेत नसे. आधी एक डोळा मिटून भिंतीच्या कडेनं नजर टाकायचा. भिंत सरळ निघाली तर मुकाट्यानं खाली बसायचा. वाकडी निघाली तर घरधन्याला विचारायचा, "कोनं बांधली गा हे? मिस्त्री होता का आचारी?" या सवयीपायी पोरीच्या सोयरिकीची दोन चांगली ठिकाणं हातची गेली. तिसऱ्या ठिकाणी घर कुडाचं होतं. कुडाच्या भिंतीला नानाजीला नाव ठेवता येईना, म्हणून लग्न जमलं.

वडनेरात आणि भोवतालच्या दहा-बारा गावांत चाळीस वर्षं त्यानं भिंती उभ्या केल्या. रस्त्यानं झोकांड्या खात चाललेल्या माणसालाही लोक सांगत, "नानाजीच्या भिंतीच्या कडेकडेनं जाय बावा, सिदा घरी पोचशीन."

आता वय सदुसष्ट. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला, उजव्या डोळ्याला चष्मा, आणि चष्मा कायम बंडीच्या खिशात. पोरगा धीरज नागपूरला कंपनीत. त्याचा दर रविवारी फोन. "बाबा, आता थापी ठेवा. लोकं मले म्हनतात, पोरगा पोसत नाई काय बुढ्याले."

माल उचलून विटेवर पसरायची नानाजीची थापी झिजून झिजून पिंपळाच्या पानाएवढी उरली होती, तरी तो ती दुसऱ्याच्या हातात देत नसे. धीरजचं बोलणं थापीवर आलं की तो म्हणायचा, "लाईन नाई भेटून राह्यली," आणि फोन वच्छलाबाईच्या हातात द्यायचा. वच्छलाबाई, त्याची बायको, पोराच्याच बाजूची. ती फोनवर जोरात म्हणायची, "भेटून राह्यली, चांगली भेटून राह्यली, बोल तू."

थापीनंतर नानाजीचा जीव लाईनदोरीत. भिंतीच्या दोन टोकांना खुट्या, खुट्यांना ताणलेली दोरी, आणि दोरीच्या कडेनं विटेपुढं वीट. त्याचा कायदा एकच होता. विटेनं दोरीला शिवायचं नाही. दोघींच्या मधून मुंगी निघून जाईल एवढी जागा ठेवायची. वीट दोरीला टेकली की दोरी सरकते, दोरी सरकली की भिंत सरकते. "सासू-सुनेवानी ठेवाव," तो म्हणायचा. "जवय, पन लागून नाई."

धीरजची पोरगी आचल आजी-आजोबांजवळ राहून हिंगणघाटच्या कॉलेजात बी.ए. करत होती. त्यांच्या इंग्रजीच्या मेघा मॅडमनं पोरींना काम दिलं: आपल्या गावात राहायला आलेला एक इंग्रजी शब्द धरा, तो गावात कोणकोणती कामं करतो ते लिहा, आणि मुळात कुठला हे शोधून काढा. बाकीच्या पोरी टेबल नाहीतर मोबाईल धरून मोकळ्या झाल्या. आचलला काही सुचेना. एसटीतून उतरून घरी आली तर पंखा बंद, आणि वच्छलाबाई पदरानं वारा घेत बसलेली.

"लाईन गेली," वच्छलाबाई म्हणाली.

"कवा येईन?"

"लाईनमनले माईत. तो हिंगनघाटले लाईनपार राह्यते. फोन लावला तं त्याची लाईन बिझी. मोटर बंद, म्हनून नळाच्या लाईनले पानी नाई. बायका हातपंपावर लाईन लावून राह्यल्या. तू बी जाय हंडा घेऊन."

आचलनं हंडा नाही घेतला. वही काढली.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन तानबाच्या चहाच्या टपरीवर गेली. गावचा सगळा शब्दसाठा तिथं सकाळ-संध्याकाळ उकळत असतो. एकानं सांगितलं, पोरगा कोणत्या लाईनला आहे म्हणजे काय धंदा करतो. दुसरा म्हणाला, आमचा भाचा बिघडला होता, मामीनं लाईनीवर आणला. तिसऱ्यानं लाईन मारणं एवढंच म्हटलं आणि खाली पाहून बशीतला चहा फुंकायला लागला.

"लिह्य ना पोरी," तानबा गाळणी झटकत म्हणाला. "लाजतं काऊन? तुह्या आबाजीनं बी मारली होती."

"आजीवर?"

"थे नको लिहू."

नानाजी तिथंच बाकावर होता. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि वहीत बोट खुपसलं. "सतरा झाले म्हनतं, अन् लाईनदोरी कोठी हाय? सगळ्यात खाली? वर घे. बाकीचे सारे पाव्हने हायेत."

आचलला हसू आलं. पण आबाजीच्या तोंडून निघालेलं पुस्तकातही निघेल, असं तिला काही वाटलं नव्हतं.

शब्दाचं मूळ शोधायला ती शेजारी मधुकरराव इखार मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तेहतीस वर्षं दहावीला इंग्रजी शिकवलं. गुडघा दुखायला लागल्यापासून हातात बाकदार मुठीची काठी. तिच्यावर टेकण्यापेक्षा ती समोरच्याच्या अंगावर रोखून प्रश्न विचारणं त्यांना जास्त जमायचं. खाकी कागदाचं कव्हर घातलेली त्यांची जाड डिक्शनरी लोखंडी कपाटात, लग्नातल्या कोटाच्या खाली राहायची.

"कोनता शब्द?"

"लाईन."

"लाईन?" मास्तरांनी काठी रोखली. "एवढ्यासाठी डिक्शनरी? लाईन म्हंजे रेघ. लिह्य आनि जाय."

आचलनं तरी पान काढलं. बारीक अक्षरांचे दोन रकाने भरून वाहत होते. वाचता वाचता ती थांबली. "मास्तर, इथं म्हनते, रेघ मागून आली. आधी लाईन म्हंजे दोरी. अन् दोरीच्याबी आधी लॅटिनमंधी फ्लॅक्सचा धागा. लिनन कापड त्याचंच. टेलर आतून लायनिंग लावते, थेबी त्याचंच. फ्लॅक्स म्हंजे काय?"

मास्तर खाकरले. "असते एक. तिकडचं गवत."

आचलनं मोबाईलवर पाहिलं. निळं फूल, बारीक पान, गोल बोंडी. ती ओट्यावरूनच ओरडली, "आजी! फ्लॅक्स म्हंजे आपलं जवस वो!"

"मंग काय!" पलीकडून वच्छलाबाई म्हणाली. "जल्मभर जवसाची चटनी खाल्ली मी. तरी मले इंग्रजी नाई आलं."

त्या दिवसापासून नानाजीसोबत बोलणं कठीण झालं. कोणी म्हटलं लाईन गेली, की हा म्हणे, "गेली नाई, माह्या खिशात हाय." टेलरला त्यानं रस्त्यात थांबवून सांगितलं की तू ब्लाऊजला लावतोस ते जवस आहे. रेल्वे, वीज, फोन, सगळ्यांनी आपल्या दोरीवरून नाव उचललं, आणि विचारायला एकही आला नाही, असं तो टपरीवर रोज सांगू लागला.

मास्तरांना ते लागलं. तेहतीस बॅचेसना त्यांनी लाईन म्हणजे रेघ शिकवलं होतं, आणि एवढा सोपा शब्द म्हणून डिक्शनरीत एकदाही पाहिला नव्हता. एका सकाळी टपरीवर त्यांनी काठी आपटली.

"नानाजी, पुस्तकात असन. पन जवसाची चटनी होते, तेल होते. जवसाची दोरी पाह्यली काय कोनं इथं?"

"तुमी पाहान."

"अन् थ्या दोरीवर भिंत बांधान?"

"तुमचीच बांधीन."

हे खरंच होतं. दोघांच्या अंगणांमधली जुनी मातीची भिंत मागच्या पावसाळ्यात बसली होती. तिच्या जागी सध्या एक तार होती, नानाजीच्या न्हाणीपासून मास्तरांच्या कडुनिंबापर्यंत. दोन्ही घरचं धुणं तिच्यावर वाळायचं. उन्हाळ्यात नवी विटांची भिंत बांधायचं ठरलेलंच होतं.

"मांडा मंग शर्त," मास्तर म्हणाले.

नानाजीला थांबता आलं असतं. पण टपरीवर आठ माणसं होती. "दोरी तुटली, नाई तं भिंत वाकडी झाली," तो म्हणाला, "तं मी थापी ठेवून देईन. मंग हात नाई लावनार."

गाळणी तशीच धरून तानबा उभा राहिला. "नानाजी, इचार करून बोल गा."

"केला इचार."

मास्तरही आता मागं हटू शकत नव्हते. "दोरी टिकली अन् भिंत सिदी आली, तं मी एक दिवस तुमच्या हाताखाली घमेलं उचलीन. माल वाहीन." तानबानं एक पान लावलं, मधून फाडलं आणि दोघांना अर्धं अर्धं खायला घातलं. शर्त लागली.

घरी कळलं तेव्हा वच्छलाबाई पीठ मळत होती. थापी सुटली तर तिला हवंच होतं. तिनं गोळा उलटवून दाबला. मग म्हणाली, "हारले तं बरंच होईन. पन मास्तराजवय हारले तं मी जेवाले नाई वाढनार."

आजकाल जवस कोण पेरतं? तानबानं हरभऱ्याच्या वावरात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेनं चटणीपुरत्या चार ओळी टाकल्या होत्या. दाणे झोडपून झाले तसं नानाजीनं काड्यांचा भारा घरी आणला. अंबाडीचा वाख कसा काढतात हे त्याला ठाऊक होतं. काड्या पाण्यात सडवायच्या, मग सोलायच्या. त्यानं भारा म्हशीच्या टाक्यात बुडवला. म्हशीनं एकदा वास घेतला आणि दोन दिवस पाण्याला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी गल्लीतली माणसं आपापल्या घरी मेलेला उंदीर शोधू लागली. मास्तर नाकाला रुमाल लावून तारेपलीकडून विचारायचे, "काय नानाजी, शिजला काय शब्द?"

आपल्याकडचं जवस दाण्याचं, धाग्याचं नाही. झाड गुडघ्याएवढं, वर फांद्याच फांद्या. धागा निघाला तो वीतभराचा. पहिली दोरी ताणताच तुटली. दुसरी नुसती वळतानाच तुटली. मग नानाजीला टकळी आठवली. त्याच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा. नानाजी गणितात नापास, भाषेत नापास, टकळीत पहिला. माळ्यावरून त्यानं ती शोधून काढली आणि दुपारच्या दुपार ओसरीवर बसून सूत काढू लागला. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई शेजारी येऊन बसली, सुताचे तीन पदर घेतले आणि मांडीवर पीळ द्यायला लागली.

"मास्तरले सांगजा नका मी हात लावला म्हनून," ती म्हणाली. "सडकी दोरी, हातबी सडले माहे."

अकरा दिवसांत छत्तीस फूट दोरी झाली. वाळल्या गवतासारख्या रंगाची, सुतळीपेक्षा बारीक, मेण घासून गुळगुळीत केलेली. नानाजीनं तिला दोन विटा टांगल्या आणि आचलला तिचा एक फोटो काढायला लावला.

एप्रिलात पायवा खोदला. मालाला रामबाई होती. वीस वर्षांपासून नानाजीच्या हाताखाली घमेलं उचलणारी, उन्हात काळवंडलेली, जिभेची तिखट बाई. तार आड येत होती म्हणून नानाजीनं पहिल्याच दिवशी सोडून टाकली.

"अन् धुनं कोठी वायू घालू?" वच्छलाबाई बादली घेऊन उभी.

"डोक्यावर घाल."

ती चार शब्द बोलली आणि तुराट्यांच्या ढिगावर लुगडं पसरवायला गेली. मास्तरांची अडचण तिच्याहून मोठी होती. मास्तरीण लेकीच्या बाळंतपणाला समुद्रपूरला गेली होती, आणि मास्तर महिनाभर स्वतःच खिचडी शिजवत होते, स्वतःचे कपडे धुत होते, आणि तार गेल्यावर ते खिडकीच्या गजांना बांधू लागले. पण धुण्याचा विचार त्या दिवशी कोणी केला नाही. सगळ्यांचं लक्ष दोरीकडं.

दोरी ताणली, पहिला थर लागला. रामबाईनं माल टाकता टाकता म्हटलं, "नानाजी, खुटी हालली वाटते थोडीशी."

खुटी हललेली नव्हती. आणि मास्तर खिडकीतून पाहत होते. नानाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "रामबाई, तू घमेलं उचल. लाईनीचं मले सांगू नको."

रामबाईनं घमेलं उचललं, आणि त्या घडीपासून लाईनीबद्दल तोंड शिवलं.

दोन दिवस भिंत दोरीच्या कडेनं चढत गेली. मुंगीएवढी फट कुठंही कमी नाही, जास्त नाही. मास्तर रोज संध्याकाळी येऊन काठी भिंतीवरून फिरवायचे, ठोकायचे, हुं करायचे आणि निघून जायचे. नानाजीचा आवाज थरागणिक चढत होता. तीन फुटांची भिंत, तिसऱ्या दिवशी दुपारी फक्त वरचा शेवटचा थर उरला. दोरीला मधे झोल पडू नये म्हणून नानाजी नेहमी अर्ध्या विटेचा टेका द्यायचा, तोही दिला. सगळं मांडून ठेवलं आणि जेवायला उठला. शेवटचा थर सांजच्याला गावासमोर चढवायचा होता.

वच्छलाबाईनं त्या दिवशी रोडगे केले होते, गोवरीच्या आरात भाजलेले, संगं वांग्याची भाजी. नानाजीनं तुपात बुडवून चार खाल्ले. चार रोडग्यांवर माणूस उभा राहत नाही. तो ओसरीवर आडवा झाला. रामबाई न्हाणीच्या सावलीला पदर तोंडावर घेऊन पडली. एप्रिलचं ऊन अंगणात एकटंच फिरत होतं.

नानाजी उठला तेव्हा माणसं जमायला लागली होती. तानबा टपरी बंद करून आलेला. आचल मोबाईल धरून उभी. नानाजीनं तोंडावर पाणी मारलं आणि थापी उचलली. चष्मा खिशात होता. चारचौघांत चष्मा लावला की मिस्त्री तलाठ्यासारखा दिसतो, असं त्याचं मत. आणि दोरीवर नजर टाकायची ती रोजची गोष्ट, एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत, तीही राहूनच गेली. लोक वाट पाहत होते.

दोरीच्या मधोमध अर्ध्या विटेच्या जागी पलीकडून काहीतरी बाकदार वर आलेलं त्याला अंधुक दिसलं. दोरी त्यानं चांगली उचलून धरली होती. नानाजीला वाटलं, रामबाईनं लाकडाचा टेका दिलेला दिसतो. वीस वर्षांत एवढं शिकली बाई. पण तोंडावर कोण म्हणणार? रामबाईनंही ते पाहिलं. तिला वाटलं, नानाजीनंच दिला असेल. आणि लाईनीचं सांगायचं नव्हतं.

थर लागत गेला. "पाहा," नानाजी वीट बसवता बसवता बोलत होता, "हे जे दोरी हाय, याच्यावरून सायबानं रेल्वे घातली. आपल्या धुऱ्यावरचं जवस, काय समजले? चटनी खात बसलो आपन, अन् शब्द घेऊन गेले थे." बोलणं विटांच्या पुढं पळत होतं. शेवटची वीट बसली. त्यानं थापीनं ती दोनदा ठोकली आणि मागं सरला.

तेवढ्यात मास्तर आले. आज भिंतीला धरून धरून, लंगडत. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात नायलॉनच्या पांढऱ्या दोरीची गुंडी. एक टोक तानबाच्या हातात, दुसरं आचलच्या. "ताना," मास्तर म्हणाले.

ताणली. दोन्ही टोकांना दोरी भिंतीला बरोबर भिडली. मधे मात्र वरचा थर मास्तरांच्या अंगणाकडं पुढं आला होता. चांगली दोन बोटं.

मग मागून एक बाई म्हणाली, "गाभन हाय वाटते भिंत," आणि हशा फुटला.

नानाजीनं खिशातून चष्मा काढला, बंडीला पुसला, लावला. वाकून पाहिलं. दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. हसणं आपोआप थांबलं. त्यानं थापी बादलीत धुतली, कोपऱ्याकोपऱ्यातला माल नखानं काढला, पुसून कोरडी केली आणि मास्तरांसमोर भिंतीवर ठेवली.

"घ्या."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती थापी दुसऱ्याच्या पुढ्यात आली होती. वच्छलाबाई दारात उभी होती. तिला हवं होतं ते झालं होतं, आणि तोंड मात्र कडू औषध प्याल्यासारखं.

मास्तर आनंदानं काही बोलणार होते. पण ऐन बोलायच्या वेळी त्यांना काठी रोखायची सवय. त्यांनी हात पुढं केला तर हातात काठी नाही. "माह्यी काठी कोठी गेली?" ते म्हणाले.

"सकायी तं होती," तानबा म्हणाला.

रामबाई विटांच्या ढिगावर बसली होती. तिनं भिंतीकडं मान वळवली, वर आलेल्या त्या बाकदार मुठीकडं पाहिलं. "नानाजी," ती म्हणाली, "मी बोलू काय? लाईनीचं हाय."

"बोल."

"मास्तरची काठी लाईनीत हाय."

सगळे वळसा घालून मास्तरांच्या अंगणात गेले. भिंत आणि दोरी यांच्या मधे काठी उभी होती. मूठ दोरीत अडकलेली, दोरी उचलून धरलेली, आणि काठीच्या जाडीएवढी बाहेर ढकललेली. खाली नानाजीची अर्धी वीट पडलेली.

"मास्तर!" तानबा ओरडला. "हे तं बेइमानी झाली!"

"अरे नाई, नाई!" मास्तरांच्या कपाळावर घाम आला. "चादर धुतली होती दुपारी. तार नाई, खिडकीले चादर मावत नाई. इथं येक दोरी रिकामी दिसली. झोल पडला म्हनून काठी देल्ली टेकाले. चादर वायली, घेऊन गेलो, अन् डोया लागला. डिक्शनरीवर हात ठेवतो, दुसरं काई नाई."

"कोनती चादर?" वच्छलाबाईनं दारातूनच विचारलं.

"सोलापुरी."

"दोघायची?"

"दोघायची."

वच्छलाबाई पदर खोचत अंगणात आली. "वली सोलापुरी! माह्याच्यानं पिळल्या जात नाई थे. आमची तार होती, थेबी वाकली होती एकदा. अन् या दोरीनं धरली?"

नानाजीनं दोरीवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून मधापर्यंत, मधापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एक पदरही तुटला नव्हता. आचलनं वही काढली. सतरा अर्थ झाले होते, त्यात धुणं वाळवायची लाईन राहूनच गेली होती.

आता निवाडा तानबाकडं. तो डोकं खाजवत म्हणाला, "दोरी टिकली, थे खरं. भिंत वाकडी, थेबी खरं. काठी मास्तरची. मंग नानाजी हारला नाई. उचल गा थापी."

"नाई," नानाजी म्हणाला. "काठी मास्तरची, पन डोया माह्या. जेवून उठल्यावर मिस्त्रीनं लाईन पाह्याले पायजे. मी भाषन देत बसलो. हारलो."

मास्तर अजून घामेजलेले होते. "मंग मीबी हारलो. चादर माह्यी, काठी माह्यी. अन् दोरी होते जवसाची, हेबी मान्य. मी घमेलं उचलतो."

दोघंही हरल्यावर गाव पेचात पडलं. शर्तीत दोघांपैकी एकानं तरी जिंकायला हवं होतं.

वच्छलाबाईनं भिंतीवरची थापी उचलली. "मास्तर घमेलं उचलन म्हनते," ती नवऱ्याला म्हणाली. "कोनाच्या हाताखाली उचलन? तुमी तं थापी ठेवून देल्ली."

नानाजीनं रिकामे हात बंडीला पुसले.

"शर्त तुमच्या हाताखालची हाय ना? मंग तुमी थापी धरल्याबिगर मास्तर घमेलं कसं उचलन? पह्यले त्यायची शर्त पुरी होऊ द्या, मंग तुमची पाहू." तिनं थापी त्याच्या हातात कोंबली. "माल वला हाय तोवर वरचा थर उतरवा. अन् चष्मा काढजा नका. पुढच्या मयन्यात डोयाचं आपरेशन. धीरजले मी सांगतो, लाईन भेटो का नाई भेटो."

"अन् शर्त?" मागून कोणी विचारलं.

"पान खाल्लं ना दोघांनी? पचलं थे," तानबा म्हणाला.

नानाजीनं थापी हातात फिरवली. मग काठी दोरीतून सोडवून मास्तरांच्या पायाशी टाकली, अर्धी वीट परत जागेवर ठेवली, एक डोळा मिटला आणि टोकापासून टोकापर्यंत पाहिलं. चष्म्यातून दोरी जरा जवळच दिसली. त्याला ते आवडलं नाही, पण त्यानं चष्मा काढला नाही. वरच्या विटा एकेक करून खाली आल्या.

मास्तरांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, पायजमा पोटऱ्यांपर्यंत गुंडाळला. रामबाईनं डोक्यावरची चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली, वर घमेलं. अर्धा माल वाटेत सांडला, उरलेला मानेवरून पाठीत गेला. आचल फोटो काढत होती. रामबाई विटांच्या ढिगावर आरामात बसली, वीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या खेपेला मास्तर भिंतीजवळ थांबले. घमेलं डोक्यावरच. त्यांनी एक डोळा मिटून दोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "नानाजी, मले वाटते, डावीकडे थोडीशी..."

"मास्तर," रामबाई ढिगावरून म्हणाली, "लाईनीचं सांगू नका. घमेलं उचला."